जुन्या डेस्कटॉपला लिक्विड कूलिंग: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या संगणकांच्या शीतकरणाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील यंत्र दुर्मीळ आहे आणि त्याच्याबाबत घाईने टाकलेले पाऊल मागे घेता येत नाही.

प्रश्न: वडिलांनी २००६ साली आमच्या मुद्रणालयासाठी ॲपलचा पॉवर मॅक जी५ क्वाड हा संगणक घेतला. पेजमेकर या पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली कितीतरी पुस्तके आणि दिवाळी अंक आजही त्यावरच उघडतात. यंत्र चालू आहे, पण काम वाढले की पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जातो. यात मुळातच लिक्विड कूलिंग, म्हणजे द्रव फिरवून प्रोसेसर थंड ठेवण्याची व्यवस्था, आहे आणि ते जुने झाले की गळू शकते, असे कळले. ते काढून आजच्या पद्धतीचे, सुटे भाग जोडून केलेले कस्टम कूलिंग बसवावे का? त्याने यंत्राचा वेग वाढेल का? (एक मुद्रक, कोल्हापूर)

उत्तर: वेगाचे आधी सांगतो. वेग वाढणार नाही. आपल्या यंत्रातील दोन्ही प्रोसेसर २.५ गिगाहर्ट्झला चालतात आणि शीतकरण कितीही उत्तम केले तरी ते तितक्याच वेगाने चालतील. आपल्याला मिळवायचे आहे ते यंत्राचे आयुष्य आणि खोलीतील शांतता, आणि ही दोन्ही उद्दिष्टे खर्च करण्याजोगी आहेत.

जी५ जून २००३ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्यात केवळ हवेचे शीतकरण होते. आतील जागेचे चार स्वतंत्र कप्पे करून नऊ पंख्यांनी प्रत्येक कप्प्यातील हवा वेगळी खेळवलेली होती. जून २००४ मध्ये २.५ गिगाहर्ट्झचे दुहेरी मॉडेल आले आणि ॲपलने प्रथमच संगणकात द्रव फिरवला. ते एकक मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फाय या कंपनीने बनवले होते. ऑक्टोबर २००५ मध्ये आलेल्या क्वाडमध्ये आयबीएमच्या पॉवरपीसी ९७०एमपी या दोन गाभ्यांच्या चिप दोन बसवल्या आणि वीजपुरवठ्याचे एकक १००० वॅटचे दिले. यावरून उष्णतेचा भार किती असेल याची कल्पना यावी. हे सगळे कूलिंग बंद एककाच्या स्वरूपात होते. वापरणाऱ्याने ते उघडावे किंवा त्यात द्रव भरावा अशी सोय ठेवलेली नव्हती. सांध्यांमधील रबरी रिंगा वीस वर्षांत कडक होतात, आकसतात आणि द्रव पाझरू लागतो. या यंत्रात वीजपुरवठ्याचे एकक नेमके तळाशी आहे, त्यामुळे वरून ओघळलेला थेंब प्रोसेसरच्या पाट्यांवरून शेवटी तिथेच जातो. हाच या यंत्राचा खरा धोका आहे.

म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी यंत्र बंद करून वीजजोडणी काढावी, बाजूचे दार आणि आतील पारदर्शक आवरण काढावे, आणि प्रोसेसरच्या कप्प्याखालचा तळ विजेरीच्या उजेडात नीट पाहावा. पांढरट किंवा हिरवट स्फटिक, चिकट डाग, तांब्यावर चढलेला हिरवा थर, ॲल्युमिनियमवरचे फोड यांपैकी काहीही दिसले तर यंत्र पुन्हा सुरू करू नये. काहीच दिसले नाही तर आपल्या हाताशी वेळ आहे, आणि त्या वेळेत सर्वांत आधी फाइलींच्या प्रती काढाव्यात. फायरवायर केबलने यंत्र दुसऱ्या मॅकला जोडून, सुरू करताना टी ही कळ दाबून धरली की त्याची डिस्क दुसऱ्या यंत्रावर बाहेरच्या डिस्कसारखी दिसते. संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत घ्यावी, निवडक फाइलींची नव्हे, कारण युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट प्रणालीच्या फोल्डरांमध्ये विखुरलेले असतात आणि ते हरवले तर पुस्तकाची फाइल उघडूनही मजकूर वाचता येत नाही.

येथेच आणखी एक सूचना द्यावीशी वाटते. पेजमेकर या यंत्राच्या मॅक ओएस एक्स या प्रणालीसाठी कधी आलाच नाही. तो क्लासिक या, जुन्या मॅक प्रणालीचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या आवरणात चालतो, आणि क्लासिक टायगरपर्यंतच, म्हणजे १०.४ पर्यंतच मिळते. लेपर्डमध्ये, म्हणजे १०.५ मध्ये, ते काढून टाकले. यंत्राला हात लावलाच आहे तर प्रणालीही अद्ययावत करून घ्या, असा सल्ला कोणी दिला तर तो आपल्यासाठी चुकीचा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग मूळ एककाच्या पुनर्बांधणीचा आहे. त्यात एकक बाहेर काढून जुना द्रव पूर्ण काढतात, प्रोसेसरवरील तांब्याच्या ठोकळ्यांच्या बारीक खाचा साफ करतात, योग्य मापाच्या नव्या रबरी रिंगा घालतात आणि गंजरोधक मिसळलेला ताजा द्रव भरतात. दुसरा मार्ग म्हणजे सगळे काढून नवा पंप, नवा रेडिएटर (पाण्यातील उष्णता हवेत सोडणारी जाळी) आणि नवे वॉटर ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारे, आतून पाणी वाहणारे ठोकळे) बसवणे. पंप चालू असेल आणि धातू खाल्ला गेला नसेल तर पहिलाच मार्ग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कस्टम कूलिंग दिसायला देखणे असते हे मान्य आहे, परंतु या यंत्रात त्याच्या वाटेवर तीन मोठे अडथळे आहेत आणि ते समजून घेतल्याशिवाय कामाला लागू नये.

पहिला अडथळा असा की या प्रोसेसरवर धातूचे झाकण नाही आणि सिलिकॉनची चिप उघडी आहे. आजचे ब्लॉक झाकण असलेल्या प्रोसेसरसाठी बनवलेले असतात. ते उघड्या चिपवर कलते बसले किंवा एका कोपऱ्याचा स्क्रू आधी आवळला गेला तर चिपचा कोपरा फुटतो आणि त्यावर उपाय नाही. शिवाय जी५ साठी तयार पकड मिळत नाही. ती अचूक मापे घेऊन यंत्रशाळेत करून घ्यावी लागते. कोल्हापुरात फाउंड्री आणि यंत्रकामाची परंपरा आहे, त्यामुळे चांगला कारागीर आपल्याला मिळेल. त्याला मूळ पकडीचा नमुना द्यावा आणि चारही स्क्रूंवर सारख्या स्प्रिंगा ठेवायला सांगाव्यात, म्हणजे दाब सगळीकडे समान राहतो.

दुसरा अडथळा पंपाचा आहे. हे यंत्र पंपाचा वेग स्वतः ठरवते आणि त्यावर लक्षही ठेवते. नवा पंप स्वतंत्र विजेवर चालवला तर यंत्राला मूळ पंप सापडत नाही आणि ते बिघाड झाल्याचे गृहीत धरते. म्हणून नव्या पंपाचा वेगदर्शक संकेत मूळ जोडणीला मिळेल अशी व्यवस्था करावी लागते, आणि ते काम इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे. तिसरा अडथळा थर्मल कॅलिब्रेशनचा, म्हणजे यंत्राच्या तापमान-मोजणीचा मेळ पुन्हा बसवण्याचा, आहे. प्रोसेसर किंवा त्यावरील ठोकळा हलवला की त्या विशिष्ट मॉडेलसाठी असलेल्या ॲपल सर्व्हिस डायग्नॉस्टिक या दुरुस्ती-तपासणीच्या डिस्कवरून कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते. ते झाले नाही तर पंखे पूर्ण वेगाने फिरत राहतात, म्हणजे ज्या आवाजाला आपण कंटाळला आहात तोच कायमचा होतो. ही डिस्क मिळवल्याखेरीज एकक उघडूच नये. पुनर्बांधणीतही ही पायरी चुकत नाही.

दोन प्रोसेसर एकाच नळीमार्गावर असताना दुसऱ्याला गरम पाणी मिळेल, अशी शंका पुष्कळांना येते. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल आणि ते २०० वॅट उष्णता उचलत असेल, तर ब्लॉकमधून जाताना त्याचे तापमान जेमतेम ०.७ अंश सेल्सिअसने वाढते. त्यामुळे क्रमाची चिंता करू नये, नळ्या कमीत कमी वळणांनी न्याव्यात. रेडिएटर यंत्राच्या आत कोंबण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पेटीला छिद्रे पाडण्याचा मोह होईल, पण ते कृपा करून करू नये. ती पेटी औद्योगिक रचनेचा एक उत्तम नमुना आहे आणि कापलेली पेटी पूर्वीसारखी होत नाही. रेडिएटर बाहेर ठेवून नळ्या विस्तार-कार्डाच्या रिकाम्या खाचेतून आत न्याव्यात आणि तिथे झटपट सुटणारे, सुटताच आपोआप बंद होणारे जोड बसवावेत. मूळचा प्रत्येक भाग, अगदी निकामी एककसुद्धा, खूणचिठ्ठी लावून जपून ठेवावा.

प्रश्न: विजेवर चालणाऱ्या नाजूक यंत्रात पाणी सोडणे हाच मुळात चुकीचा विचार नाही का? (एक निवृत्त शिक्षिका, पुणे)

उत्तर: आपली शंका स्वाभाविक आहे, पण संगणकांचा इतिहास पाण्याच्या बाजूने आहे. आयबीएमचा १९६० च्या दशकातील सिस्टम/३६० मॉडेल ९१ पाण्याने थंड केला जात असे आणि १९८० मध्ये जाहीर झालेल्या ३०८१ मध्ये चिपांच्या संपूर्ण गटावर पाण्याने थंड होणारे आवरण बसवलेले होते. आपल्या शहरातच, आयसर पुणे या विज्ञानसंस्थेत, सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने २०१९ मध्ये उभारलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात प्रोसेसरच्या थेट संपर्कातून पाणी खेळवण्याची पद्धत वापरली आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापायला एक किलो हवेच्या साधारण चौपट उष्णता घेते, आणि तेवढे पाणी हवेच्या तुलनेत अगदी थोड्या जागेत मावते. मोठ्या यंत्रांची रोज देखरेख करायला प्रशिक्षित माणसे असतात, घरी ते काम मालकाला करावे लागते. जो वर्षातून एकदा यंत्र उघडून पाहणार नाही, त्याने हवेवर चालणारा चांगला कूलर घ्यावा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

प्रश्न: माझ्याकडे मोठ्या भावाचा कोअर २ क्वाड क्यू६६०० प्रोसेसरचा डेस्कटॉप आहे. उन्हाळ्यात तो तापून बंद पडतो. त्याला कस्टम लिक्विड कूलिंग लावून ३ गिगाहर्ट्झच्या पुढे न्यावा, असा विचार आहे. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, चंद्रपूर)

उत्तर: क्यू६६०० हा जानेवारी २००७ मध्ये आलेला प्रोसेसर त्याच्या काळात फार आवडीने वापरला गेला, आणि त्याच्यावर जीव जडणे मी समजू शकतो. पण बंद पडण्याचे कारण आधी शोधले पाहिजे. मूळ कूलरच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असेल, प्लास्टिकच्या चार खुंट्यांपैकी एखादी सुटलेली असेल आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) वाळून खडूसारखी झाली असेल, तर अर्धा त्रास तिथेच आहे. हे सगळे स्वच्छ करून नवी पेस्ट लावावी, पेटीत पुढून हवा आत आणि मागून बाहेर अशी दिशा करावी, आणि मग तापमान मोजावे. प्रोसेसरच्या झाकणावर एसएलएसीआर ही अक्षरे असतील तर तो नंतरची जी० आवृत्ती आहे, त्याचा उष्णताभार ९५ वॅट आणि झाकणाची कमाल मर्यादा ७१ अंश आहे. आधीची बी३ आवृत्ती १०५ वॅटची असून तिची मर्यादा ६२.२ अंशांची आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत हा फरक लहान नाही.

चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या पुढे पारा जातो आणि पंख्याखालच्या खोलीतही ३८ अंश असतात. लिक्विड कूलिंगमधील पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. माठातले पाणी थंड होते ते बाष्पीभवनाने, आणि नळीतले पाणी बंद असते. भारावर ते खोलीपेक्षा आठ-दहा अंश अधिक गरम राहील, म्हणजे ४८ च्या आसपास, आणि चिप त्याहून वर असेल. पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या डी५ जातीच्या पंपाला ६० अंशांपर्यंतचे पाणी चालते, त्यामुळे हे मर्यादेत बसते, पण फार उरत नाही. शंभर वॅटमागे १२० मिलिमीटरचा एक पंखा मावेल इतका रेडिएटर असा साधा ठोकताळा आहे. वेग वाढवला की उष्णताही वाढते आणि आपल्याकडचा उन्हाळा त्यात भर घालतो, म्हणून आपण दोन पंख्यांचा, २४० मिलिमीटरचा घ्यावा.

याहून महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मूळ कूलरचा पंखा प्रोसेसरवर वरून हवा मारतो आणि तीच हवा सॉकेटभोवतीच्या (प्रोसेसर बसतो त्या खोबणीभोवतीच्या) वीज-नियंत्रक चिपांवर आणि कॅपॅसिटरांवर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या लहान भागांवर) पसरते. वॉटर ब्लॉक बसवला की प्रोसेसर थंड होतो, पण त्याच्या शेजारचा सगळा भाग वाऱ्याविना राहतो. २००७ च्या आधीच्या काही वर्षांत बनलेल्या मदरबोर्डांवर निकृष्ट इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर सर्रास बसवले गेले होते, ते फुगतात आणि फुटतात. कॅपॅसिटर दहा अंशांनी थंड ठेवला तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. तेव्हा ब्लॉकबरोबर सॉकेटच्या दिशेने वारा देणारा एक लहान पंखा लावायलाच हवा, आणि आधीच माथा फुगलेला कॅपॅसिटर दिसला तर तो बदलून घेतल्याशिवाय वेग वाढवण्याचा विचार करू नये.

वेगाचे गणित सोपे आहे. बसचा, म्हणजे प्रोसेसरला मदरबोर्डाशी जोडणाऱ्या वाहिनीचा, घड्याळवेग २६६ मेगाहर्ट्झ आहे आणि त्याला ९ या गुणकाने गुणले की २.४ गिगाहर्ट्झ होतात, घड्याळवेग ३३३ केला की ३ गिगाहर्ट्झ होतात. जी० आवृत्तीचे अनेक प्रोसेसर हे चांगल्या हवेच्या कूलरवरही पेलतात. त्याच्या पुढचे जे काही मिळेल ते रोजच्या कामात जाणवणार नाही. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी (चिपांवर माहिती साठवणारी डिस्क) लावली तर मात्र पहिल्या दिवसापासून जाणवेल, जरी डिस्कच्या जुन्या सॅटा २ जोडणीमुळे तिचा पूर्ण वेग मिळणार नाही. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती या प्रोसेसरवर सुरूच होत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे इंटरनेटवर वापरायचा असेल तर लिनक्स घालावे.

हे सगळे वाचूनही कस्टम कूलिंग शिकायची इच्छा टिकली असेल तर जरूर शिका. आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, आणि हातांनी केलेले उष्णतावहनाचे काम पुस्तकातील प्रकरणापेक्षा खोल रुजते. पंप, रेडिएटर, जोड आणि नळ्या पुढच्या संगणकातही वापरता येतात, केवळ ब्लॉकची पकड बदलते. म्हणून खर्च या भागांवर करावा. ब्लॉक घेताना आपल्या प्रोसेसरच्या एलजीए ७७५ सॉकेटची, म्हणजे ७२ मिलिमीटर अंतरावरच्या छिद्रांची पकड सोबत मिळते का ते विचारावे, कारण नव्या ब्लॉकांबरोबर ती बहुधा येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुने ब्लॉक मिळाले तर आतील खाचा उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत.

प्रश्न: कोकणातल्या पावसाळ्यात गार पाण्याच्या नळ्यांवर दव धरून मदरबोर्डवर पाणी ठिबकेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: साध्या लिक्विड कूलिंगमध्ये नाही. वर सांगितल्याप्रमाणे पाणी खोलीपेक्षा नेहमी किंचित गरमच असते आणि दव धरते ते हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर. धोका सुरू होतो तो पेल्टियर (विजेवर थंड होणारी पट्टी) किंवा चिलर (पाणी गार करणारे यंत्र) लावून पाणी मुद्दाम थंड केल्यावर. खोलीत २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो, म्हणजे पाणी खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड झाले तरी नळ्या भिजू लागतील. किनारपट्टीवर असे प्रयोग करूच नयेत. आपल्याकडील खरा शत्रू खारी हवा आहे. ती रेडिएटरच्या बारीक पत्र्या आणि मेमरीचे संपर्क दोन्ही खाते. पावसाळ्यात यंत्र झाकून महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवावे, म्हणजे त्याच्याच उबेने ओल उडून जाते.

प्रश्न: नळ्यांत कोणते पाणी भरावे? इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळते ते चालेल का? आणि गळती तपासायची कशी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नळाचे, विहिरीचे किंवा आरओचे पाणी भरू नये, त्यातील क्षार ब्लॉकच्या खाचांत बसतात. बॅटरीचे पाणी क्षारमुक्त असते आणि चालते, परंतु बाटलीवर आम्ल नसल्याचे वाचून घ्यावे. मात्र नुसते शुद्ध पाणी पुरेसे नाही, त्यात शेवाळ आणि जिवाणू वाढतात. गंजरोधक आणि जंतुरोधक घटक असलेला, ग्लायकॉलयुक्त तयार द्रव नवशिक्यासाठी सर्वांत सुरक्षित आहे. रंगीत, चकाकणारे, ढगाळ दिसणारे द्रव टाळावेत, त्यांतील कण कालांतराने खाली बसून मार्ग बंद करतात. 'वीज न वाहणारा द्रव' अशा जाहिरातीवरही विसंबू नये, कारण धातूंच्या संपर्कात काही महिने राहिल्यावर त्यात आयन मिसळतात आणि तो वीज वाहू लागतो.

तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात कधीही ठेवू नयेत. दोन धातूंमध्ये विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम हळूहळू विरते. स्वस्त रेडिएटर पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असतात, तेव्हा विक्रेत्याकडून धातू लिहून घ्यावा. नळ्यांसाठी पारदर्शक पीव्हीसीपेक्षा काळे ईपीडीएम रबर बरे, पीव्हीसीतील मऊपणा देणारे द्रव्य पाण्यात उतरून त्याचा चिकट थर होतो.

तपासणीसाठी संगणकाच्या भागांना वीज द्यायची नाही, फक्त पंपाला द्यायची. प्रमाणित एटीएक्स (सर्वसाधारण डेस्कटॉपांत असतो त्या नमुन्याच्या) वीजपुरवठ्याच्या २४ टोकांच्या जोडणीतील हिरवी तार कोणत्याही एका काळ्या तारेला जोडली की तो मदरबोर्डाविना सुरू होतो. जी५ सारख्या यंत्राचा वीजपुरवठा एटीएक्स नाही, तिथे वेगळा एटीएक्स पुरवठा पंपासाठी वापरावा. ज्या जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपांत तारांचे रंग किंवा क्रम निराळे आहेत, तिथेही हेच करावे. प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू कागद ठेवावा, पेटी सावकाश सर्व बाजूंना कलती करून हवेचे बुडबुडे काढावेत आणि पंप पूर्ण २४ तास चालू ठेवावा. टिश्यूवर एकही ठिपका नसेल आणि टाकीतील पातळी बुडबुडे निघून गेल्यानंतर स्थिर राहिली असेल, तर बाकीच्या जोडण्या करून मदरबोर्डाला वीज द्यावी. पहिल्या आठवड्यात रोज आणि नंतर महिन्यातून एकदा पातळी पाहावी, आणि वर्षाकाठी द्रव बदलावा.